कंदीलवेलीचा मुक्काम

“अक्का, थर्मामीटर काय म्हणतोय ते आधी सांगा, बाकीचं नंतर,” डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या.

अक्काने टॉर्चचा झोत भिंतीवर टाकला. डॉक्टरबाईंच्या वनस्पती-प्रयोगशाळेतल्या त्या खोलीला खिडकी नव्हती. वीज गेल्यापासून एसी बंद, दिवे बंद, आणि फळ्यांवर ओळीने मांडलेल्या काचेच्या बाटल्या काळोखात नुसत्या चमकत होत्या.

“पारा पस्तिशीच्या वर गेलाय, बाई. आणि अजून दुपार व्हायचीय.”

डॉक्टरबाई लेकीच्या बाळंतपणासाठी रेल्वेने एका दिवसाच्या अंतरावरच्या शहरात गेल्या होत्या. मागून तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू येत होतं.

“जनरेटर?”

“मिस्त्री येऊन गेला. आतलं वायंडिंग जळलंय म्हणाला. बाहेरगावाहून आणावं लागेल. आणि वीज मंडळाचे लोक म्हणतायत, उपकेंद्रातला मोठा ट्रान्सफॉर्मरच गेलाय. सगळं गाव अंधारात आहे. दोन-तीन दिवस तरी धरून चाला म्हणाले.”

“दोन दिवसांत आतल्या रोपांची उकड होईल हो,” डॉक्टरबाईंचा आवाज चिरकला.

त्या बाटल्यांत कंदीलवेल होती. बोटभर उंचीची हिरवी रोपं, तळाशी खळीसारख्या घट्ट खाद्यात पाय रोवून उभी. या वेलीला कंदिलासारखं लांबट, खाली फुगीर फूल येतं म्हणून तिला तसं नाव. गावाबाहेरच्या एकाच कड्यावर ती उगवायची. रस्ता रुंद करताना सुरुंग लावले आणि कड्याची ती बाजू ढासळली, तिच्याबरोबर वेलही गेली. नशीब एवढंच, की त्याच्या आधी डॉक्टरबाईंनी दोन-चार फांद्या आणून ठेवल्या होत्या. त्या फांद्यांचे तांदळाएवढे तुकडे करून, धुऊन, निर्जंतुक करून बाटलीत लावायचं काम त्यांच्या मदतनीस अक्काने केलं होतं. पहिल्या कितीतरी बाटल्यांत नुसती बुरशीच आली. मग एकदा एका तुकड्याला हिरवा डोळा फुटला, त्याचे दोन झाले, दोनाचे चार. शेजारच्या शहरातल्या प्रयोगशाळेला थोडी रोपं सांभाळायला दिली होती, ती गेल्या पावसाळ्यात बुरशीने गेली. म्हणजे आता ही वेल जगाच्या पाठीवर कुठे असेल तर या बिनखिडकीच्या खोलीत.

“अक्का, ऐका,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “गावात जिथे जिथे थंड जागा असेल तिथे बाटल्या हलवा. एकाच ठिकाणी नको, वाटून ठेवा. उजेड हवा, पण ऊन नको. झाकण कुणीही उघडायचं नाही. लोकांना विचारा. मागून घ्या जागा.”

“मी?”

“दुसरं कोण आहे तिथे?”

फोन बंद झाला तरी अक्का तो हातात धरूनच उभी होती. उन्हाची तिला भीती नव्हती. धास्ती होती ती ‘मागून घ्या’ या दोन शब्दांची.

अक्काने आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. शेजारणीकडे विरजण मागितलं नव्हतं, प्रयोगशाळेत रजा मागताना तिला घाम फुटायचा. आई गेल्यावर ती लहानपणीच मामाकडे आली. वडील कामासाठी परगावी गेले ते तिकडचेच झाले. मामाच्या घरात त्याची दोन मुलं होती, मामी होती, आणि जागा उंदराच्या बिळाएवढी. आल्यावर थोड्याच दिवसांत तिने मामीला शेजारणीशी बोलताना ऐकलं होतं, “आपलीच दोन जड झालीत, त्यात हे तिसरं.” पोर दाराआड उभी होती. त्या दिवसापासून तिने मागणं सोडलं. पेन्सिल संपली तर ती नखाएवढ्या तुकड्याने लिहायची. बूट चावायला लागले तर लंगडत चालायची. विचारलं तर मान हलवायची. मामीने तिचं नावच पाडलं होतं मुकी.

नवरा मात्र तिला अगदी उलट मिळाला. तो शाळेची व्हॅन चालवायचा आणि जगातली प्रत्येक गोष्ट मागण्यासाठीच असते असं समजायचा. सिग्नलला शेजारी थांबलेल्या अनोळखी माणसाकडून त्याने एकदा जॅक मागून घेतला होता आणि वर त्याच्याच डब्यातलं खाऊनही आला होता. “फार तर नाही म्हणतील,” तो म्हणायचा, “मारत तर नाहीत ना? अगं, रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही.”

शाळांना सुट्टी होती. अक्काने त्याला फोन केला. तो व्हॅन घेऊन आला, मागच्या सीट काढून टाकल्या, खाली ओल्या गोणपाटांचा थर घातला आणि हात झटकत म्हणाला, “बोल, कुणाकडे जायचं?”

“तू बोलशील ना?”

“मी काय सांगणार? मला यातलं ओ की ठो कळत नाही. मी म्हणेन, हिच्या बाटल्या ठेवून घ्या. ते म्हणतील, दारूच्या का?”

पहिलं दार दातांच्या डॉक्टरांचं होतं. त्यांच्याकडे स्वतःचा छोटा जनरेटर होता, त्यावर एसी चालत होता, तो रस्त्यापर्यंत फटफटत ऐकू येत होता. अक्का पायरीवर उभी राहिली. आत जाणारे दोघे गेले, बाहेर येणारी एक बाई गालाला हात लावून गेली, आणि अक्का तिथेच. शेवटी नवऱ्याने मागून हळूच ढोसलं.

“दाढ दुखतेय का?” दातांच्या डॉक्टरांनी विचारलं.

“नाही. मी प्रयोगशाळेतून आलेय. आमच्याकडे एक वेल आहे…” आणि अक्का बोलू लागली. आधी शब्द एकमेकांत अडकले, मग सुटे झाले. कडा कसा ढासळला ते तिने सांगितलं, बाटल्यांचं सांगितलं, खोलीतल्या पाऱ्याचं सांगितलं. “तुमच्याकडे एखादं कपाट… म्हणजे जमत असेल तरच. नसेल तर काही नाही.”

तिचं वाक्य संपायच्या आत दातांचे डॉक्टर उठून काचेच्या कपाटातली औजारं बाहेर काढायला लागले होते. “हे पुरेल का? की तोही कप्पा रिकामा करू?”

अक्काला वाटलं, आपलं काहीतरी ऐकण्यात चुकलं. इतकं सोपं असतं?

वाचनालयाच्या बाईंनी तळमजल्यावरच्या मोठ्या खोलीत उत्तरेच्या खिडकीखालचे शब्दकोश उचलून जमिनीवर ठेवले आणि तिथे बाटल्या मांडू दिल्या. “शब्दकोशांना कुणी हात लावत नाही, यांनाही लावणार नाही,” त्या म्हणाल्या. बर्फाच्या कारखान्याचा मालक आतल्या गोदामात चला म्हणत होता, पण तिथे रोपं गारठून मेली असती. त्याला तसं सांगितल्यावर तो इतका हिरमुसला की त्याने आपणहून बर्फाच्या लाद्या व्हॅनमध्ये टाकल्या. “बाटल्यांच्या आसपास ठेवा. आपलाही हात लागू दे.”

दुपार डोक्यावर आली. व्हॅनमध्ये निम्म्याच्या वर बाटल्या शिल्लक होत्या आणि गावात थंड म्हणावी अशी जागा उरली नव्हती. बर्फ वितळून मागच्या दाराच्या फटीतून रस्त्यावर ठिबकत होता. नवरा स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणाला, “एक घर राहिलंय.”

“नाही.”

“मी नावसुद्धा घेतलं नाही अजून.”

“कळलं मला.”

मामीचं घर प्रयोगशाळेपासून दोन गल्ल्यांवर होतं. रोजच्या वाटेत ते लागू नये म्हणून अक्का बाजाराला वळसा घालून यायची. एका जुन्या छापखान्याच्या इमारतीतलं तळघर होतं ते. मामा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा म्हणून त्याला राहायला मिळालेलं. रस्त्यावरून सहा-सात पायऱ्या उतरून आत जायचं. खिडक्या छताला लागून, त्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे नुसते पाय दिसायचे. भिंती हातभर जाड, बारा महिने ओलसर. लहानपणी त्या ओलीचा वास अक्काच्या वह्यांना यायचा, कपड्यांना यायचा. भर उन्हाळ्यात मात्र त्या घरात अंगावर पांघरूण घ्यावं लागे.

मामा गेला तेव्हा ती शेवटची तिथे उतरली होती. त्याला आता कितीतरी वर्षं झाली. मामीची मुलं परगावी, मामी एकटी.

“गरजवंताला अक्कल नसते म्हणतात,” नवरा म्हणाला. “आज जरा बिनअकलेची हो.”

अक्काने मागे वळून पाहिलं. पुढच्या ओळीतल्या एका बाटलीतलं रोप मान टाकायला लागलं होतं. ती म्हणाली, “चल.”

दार मामीनेच उघडलं. ती पार वाळली होती, पाठीत वाकली होती, पण डोळे तेच होते, समोरच्याला तासून काढणारे.

“कोण?” तिने उजेडाकडे हात आडवा धरला. “मुकी?”

“हो.”

“कोण मेलं?”

“कुणी नाही. मामी, मी…” तिने चौकटीला हात लावला. “मी एक मागायला आलेय.”

मामीचा हात कपाळावरून खाली आला. मग दाराची दुसरी फळी उघडत ती म्हणाली, “माग की.”

अक्काने सांगितलं. ऐकताना मामी मध्ये एकदाही बोलली नाही, आणि मामीच्या बाबतीत हे नवलच होतं. शेवटी म्हणाली, “एवढा वेळ गाडीत ठेवून गप्पा काय मारत बसलीस? आण खाली.”

खिडकीखालची लांबलचक फळी मामीने स्वतः पुसली. वरचे डबे, मामाचा फोटो, औषधांच्या पुड्या, सगळं पलंगावर गेलं. अक्का आणि नवरा पायऱ्या चढत-उतरत बाटल्या आणत होते आणि मामी त्या हातात न घेता, नुसत्या बोटाने जागा दाखवत होती. “ती तिकडे सरकव. तिथे संध्याकाळी ऊन येतं. मी राहते इथे, मला माहीत आहे.”

“झाकण उघडायचं नाही, मामी. आत बुरशी गेली की संपलं. हलवायच्या नाहीत. पाणी घालायचं नाही.”

“मला शिकवू नकोस,” मामी म्हणाली. मग जरा थांबून, “पण पुन्हा एकदा सांग.”

त्यानंतरचे तीन-चार दिवस अक्काचा जीव टांगणीला लागला होता. ती आणि नवरा सकाळ-संध्याकाळ गावभर फेरी मारायचे. दातांच्या डॉक्टरांकडे जनरेटरचं डिझेल संपल्यावर कपाट तापलं आणि तिथल्या बऱ्याच बाटल्यांत पांढरी बुरशी धरली. डॉक्टर शाळेतल्या पोरासारखे ओशाळे होऊन उभे राहिले, आणि अक्काच त्यांची समजूत काढत बसली. वाचनालयातल्या थोड्या गेल्या, बाकी तगल्या. सगळी फेरी झाल्यावर ती तळघरात उतरायची.

मामीने दाराला ओली चादर लावली होती. मांजर आत येऊ नये म्हणून ती खुर्ची टाकून दारातच बसायची, हातात झाडू घेऊन. शेजारपाजारच्या बाया बघायला आल्या तर त्यांना वरच्या पायरीवरूनच दर्शन देऊन परत पाठवायची. “आजारी माणसाच्या खोलीत गर्दी नको,” असं सांगायची.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी, अक्का एकेक बाटली न उचलता खाली वाकून बघत होती, तेव्हा मामीने विचारलं, “ही बोलत नाही, चालत नाही. हिला काय हवं ते तुला कळतं कसं?”

“बघत राहावं लागतं. पानाच्या कडा पिवळ्या पडल्या तर एक कमी आहे. खोड काचेसारखं दिसायला लागलं तर दुसरंच काही. रोज बघितलं की कळायला लागतं.”

मामीने झाडू भिंतीला टेकवला. बाहेरून कुणाच्या तरी चपला खिडकीपलीकडून फटक-फटक करत गेल्या.

“तेवढं बघत बसायला मला फुरसत नव्हती गं,” ती म्हणाली. “दोन माझी, तू, आणि तुझा मामा तर चौथं मूल. जो ओरडेल त्याला आधी, असं चालायचं. माझी दोन्ही बोंबलून बोंबलून घ्यायची. तू काही मागायचीच नाहीस. मी म्हणायचे, हिला आपलं काही नकोच दिसतंय. राग यायचा मला. एवढीशी पोर आणि एवढा ताठा.”

अक्का वाकलेलीच राहिली. मग फळीकडे बघतच म्हणाली, “तू शेजारच्या काकूंना म्हणाली होतीस. त्यात हे तिसरं, असं. मी दाराआड होते.”

मामीने नाही म्हटलं नाही. अंगावरही घेतलं नाही. बोटं एकमेकांत गुंतवत ती आठवायला लागली.

“म्हटलं असेन,” ती म्हणाली. “माझं तोंड फाटकंच. सकाळी तसं म्हटलं असेन आणि संध्याकाळी मांडीवर घेऊन तुझ्या वेण्याही घातल्या असतील. दोन्ही मीच.”

अक्काला वेण्या आठवल्या. आजवर त्या आठवल्या नव्हत्या असं नाही, पण त्यांच्याकडे तिने कधी नीट पाहिलं नव्हतं. तिचे केस दाट, कुरळे. मामी गुंता सोडवताना केसांचं मूळ मुठीत घट्ट धरायची, म्हणजे ओढ बसली तरी दुखू नये. स्वतःच्या मुलीचे केस मामीने कापून टाकले होते, कोण रोज विंचरत बसणार म्हणून. अक्काचे कापले नव्हते. शाळा संपेपर्यंत, रोज, ती एवढा वेळ कुठून काढत होती?

आणि गोवर आला तेव्हा कपाळावर ओलं फडकं ठेवणारा हात. आणि मामा म्हणाला होता, हिला आता कामाला लावू, तेव्हा स्वयंपाकघरातून आलेला आवाज, “विज्ञान शिकायचंय तिला, शिकू दे. मी बघते.” काय बघितलं असेल तिने, कसं जमवलं असेल, ते अक्काने कधी विचारलंच नव्हतं. एक वाक्य दाराआडून ऐकलं आणि तेवढंच गाठीला बांधून ती आयुष्यभर चालत राहिली.

“मामी,” ती म्हणाली. आभार हा शब्द तिच्या जिभेला सभेतल्यासारखा लागला. ती जमिनीवर, मामीच्या खुर्चीपाशी बसली. “भूक लागलीय मला. सकाळपासून काही खाल्लं नाहीये. आहे का काही?”

मामी लगबगीने उठायला गेली आणि गुडघा धरून पुन्हा बसली. “हुकूम तू सोडतेस, पण उठायला गुडघे कुणाचे आणू?” ती चिडून म्हणाली. “त्या पातेल्यात बघ. आणि गरम करून घे, गार गिळू नकोस.”

वीज आली तेव्हा बाजारात लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोली पुन्हा थंड झाल्यावर बाटल्या घरी परतल्या. गावभर वाटलेल्यांतल्या पुष्कळ गेल्या होत्या. तळघरातल्या जवळजवळ सगळ्या जिवंत होत्या. डॉक्टरबाईंनी फोनवर हे ऐकलं आणि एवढ्या मोठ्या बाई नातवाला खांद्यावर घेऊन ढसाढसा रडल्या. परत आल्या त्या स्टेशनवरून थेट तळघराच्या पायऱ्या उतरल्या आणि मामीचे दोन्ही हात धरून बसल्या. मामीने त्यांनाही सुनावलं, “लेकीला सोडून इतक्यात कशाला आलात?”

पुढचं काम सावकाशीचं होतं. त्या रोपांपासून नवी रोपं वाढवली, त्यांना मुळं फुटली. मग बाटलीतून काढून, मुळांना चिकटलेली खळ धुऊन, ओल्या रेतीत लावून त्यांना हळूहळू बाहेरच्या हवेची सवय केली. बाटलीतलं रोप लाडावलेलं असतं. एकदम वारा लागला तर कोमेजतं. कितीतरी तशी कोमेजली. अक्का आता घरी जाताना बाजाराला वळसा घालत नव्हती. तळघरात उतरून, आज अमुक जगली, तमुक गेली, असं सगळं सांगायची. मामी गेलेल्यांना नावं ठेवायची आणि राहिलेल्यांचं कौतुक करायची.

थंडी सरायच्या सुमाराला त्यांनी रोपं कड्यावर नेली. जुना कडा आता नव्हताच, पण त्याच्याच खडकाची दुसरी एक सोंड दरीपलीकडे होती, तिथे रस्ता जाणार नव्हता. वर पायवाट होती तीही दगडधोंड्यांची. मामीला तिथवर चढणं शक्य नव्हतं, आणि ती घरी राहायलाही तयार नव्हती. तेव्हा नवऱ्याने व्हॅन पायथ्याशी झाडाखाली लावली, चहाच्या टपरीवरून एक खुर्ची मागून आणली आणि तिला तिथे बसवलं.

वर डॉक्टरबाई जागा दाखवत होत्या आणि अक्का गुडघ्यांवर बसून खडकांच्या भेगांत माती भरत होती. एकेक रोप ती दोन बोटांत धरून खाली ठेवायची, बाजूची माती दाबायची, वर पाल्याची सावली करायची. कुणाला माहीत किती तगतील. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, चारातलं एक राहिलं तरी पुष्कळ झालं. अक्काला तेही फार वाटत होतं. तिने मान वळवून खाली पाहिलं. मामी एवढीशी दिसत होती. तिला इथलं काही दिसत असणं शक्यच नव्हतं. तरी ती मान वर करून बसली होती.

सगळी रोपं लावून झाली तेव्हा उन्हं कलली होती. अक्का खाली उतरली. शेवटच्या वळणावर तिचा पाय घसरला आणि ती मातीत बसलीच. नवरा हसायला लागला. कपडे झटकत ती खुर्चीपाशी आली.

“लागली का सगळी?” मामीने विचारलं.

“लागली.”

“नीट?”

“नीट.”

“मग ठीक.” मामीने तिला खालून वरपर्यंत न्याहाळलं. “हा काय अवतार? कानात माती, केसांत माती. लोक काय म्हणतील, हिच्याकडे बघायला घरात कुणी नाही?”

तिने बाटलीतल्या पाण्याने आपला रुमाल भिजवला, पिळला, आणि हात वर केला. हात पोचेना. अक्काचे केस आता अर्धे पांढरे झाले होते. डॉक्टरबाई बघत होत्या, नवरा बघत होता, टपरीवरची दोन-चार माणसंही बघत होती.

अक्का वाकली, आणि मामीचं पुसून होईपर्यंत तशीच वाकून राहिली.